पैसे भरण्याआधी लॉगबुक बघा
(गोरेगाव, जि. हिंगोली येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेले भाषण)



मला बोलावलं होतं 'इंजिनिअरिंगनंतर काय' यावर बोलायला. विषय मी बदलला आणि परवानगी आज सकाळी घेतली. झालं असं की काल मी पुण्याहून आलो आणि इशाच्या नमाजनंतर गावातले एक भाऊ घरी आले. मुलगा बारावी सायन्स पास झालाय. मोबाईलवर एका फ्लाइंग स्कूलचा मेसेज होता: सोमवारपर्यंत पाच लाख भरा, फीमध्ये सवलत मिळेल, नाहीतर सीट जाईल. हळदीचे पैसे हातात आहेत, उरलेल्यासाठी दोन एकर काढायची तयारी आहे. त्यांनी मला एवढंच विचारलं, "इंजिनिअरसाब, स्कूल अच्छा है क्या?"

मी त्यांना म्हणालो, उद्या सगळ्यांसमोरच सांगतो. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. वाशिम, परभणी, नांदेड, सगळीकडून मला हेच फोन येतात.

आधी सांगून टाकतो, मी पायलट नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे. पण माझ्या मोठ्या आपाची मुलगी आज पायलटचं शिक्षण घेतेय, आणि तिच्यासाठी स्कूल निवडायला आम्हाला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत जे कळलं ते सांगतो.

घरातून विरोध झाला का? झाला. दुल्हेभाई म्हणाले, एवढ्या पैशात दोन लग्नं होतात. मुलीच्या दादीने विचारलं, विमानात बुरखा घालू देतात का? मी दादीला सांगितलं की उर्दूत कथा लिहिणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी १९३६ मध्ये लाहोरला विमान चालवायचा परवाना काढला होता. नाव हिजाब इम्तियाज अली. दादी बराच वेळ हसत होती, आणि मग तिनेच दुल्हेभाईंना गप्प केलं. देशात आज पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगात सगळ्यात जास्त आपल्याकडे. तेव्हा मुलगी आहे म्हणून नको, हे कारण आता चालत नाही. पैसा हे कारण मात्र खरं आहे, आणि आज मी त्याच्यावरच बोलणार आहे.

व्यावसायिक पायलटच्या परवान्याला सीपीएल म्हणतात. तो देते डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. फ्लाइंग स्कूल परवाना देत नाही, ते फक्त तुम्हाला उडवतं. हा फरक डोक्यात पक्का बसवा, कारण जाहिरातीत तो पुसलेला असतो. परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडवायचे. एका विमानतळावरून दुसऱ्याकडे असे २० तास, आणि त्यात एक फेरी ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. ढगात फक्त उपकरणं बघून उडवण्याचे १० तास. रात्रीचे ५ तास. अर्ज करता त्या दिवसापासून मागे मोजलं तर हे २०० तास गेल्या पाच वर्षांतले असावे लागतात. म्हणजे प्रशिक्षण फार रेंगाळलं, तर सुरुवातीला पैसे देऊन उडवलेले तास हिशोबातून गळू शकतात.

खर्च आजच्या घडीला भारतात सगळं धरून ५० लाखांच्या आसपास जातो, कुठे थोडा कमी, कुठे बराच जास्त. नंतर एअरबस किंवा बोइंगसारख्या ठरावीक विमानाचं प्रशिक्षण असतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्याचे लाख वेगळे.

आता आमची कहाणी. भाचीने बारावीनंतर इंटरनेटवर सात-आठ ठिकाणी आपला नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. फोनवरची मुलगी फार गोड बोलायची. अठरा महिन्यांत परवाना, अकरा विमानं, होस्टेल, नोकरीसाठी मदत, आणि टोकन आजच भरा. आपा हिंगोलीला जाऊन सोन्याचा भाव काढून आली होती. मी म्हटलं, जाऊन बघू तरी.

गेलो. माहितीपत्रकात अकरा विमानं होती, धावपट्टीवर चार दिसली. हँगरमध्ये दोन विमानांना इंजिनच नव्हतं. विचारलं तर "मेंटेनन्स". ऑफिसात चहा झाला, एसीत बसवलं, सिम्युलेटर दाखवलं. खरी माहिती मिळाली गेटबाहेरच्या टपरीवर. तिथे दुपारी दोन वाजता आठ-दहा पोरं युनिफॉर्ममध्ये बसून होती. हवा स्वच्छ, आकाश निळं आणि पायलटची पोरं टपरीवर! एका पोराने लॉगबुक काढून दाखवलं. लॉगबुक म्हणजे प्रत्येक उड्डाणाची तारीख आणि वेळ लिहिलेली वही. पाच महिन्यांत त्याचे चौदा तास झाले होते. फी मात्र तीन चतुर्थांश भरून झाली होती. तो सोलापूरकडचा होता. म्हणाला, घरी सांगितलं नाही, वडिलांना वाटतं मी रोज उडतोय.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. कन्हेरगाव नाक्याजवळ भाची म्हणाली, "मामू, हम तो बस विमानां गिनते थे."

त्या रात्री मी बसून हिशोब मांडला. आमच्या कामात एक साधी गोष्ट शिकवतात: काम कुठे अडतंय ते शोधा, बाकीचं चकचकीत असून उपयोग नाही. फ्लाइंग स्कूलमध्ये काम विमानाच्या तासांवर अडतं. समजा सहा विमानं खरोखर उडण्याच्या स्थितीत आहेत आणि प्रत्येक महिन्याला ५० तास उडतं. झाले ३०० तास. विद्यार्थी ६० असतील तर एकाच्या वाट्याला महिन्याला ५ तास. २०० तासांना ४० महिने लागतील, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. तीच सहा विमानं आणि २४ विद्यार्थी असतील तर महिन्याला साडेबारा तास, म्हणजे सोळा महिन्यांत काम होतं. त्यातही पावसाळा आहे, उत्तरेत हिवाळ्याचं धुकं आहे. शिकवणारा इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून विमान कंपनीत जातो, आणि फार ठिकाणी जातो, तेव्हा विमान असूनही पोरं बसून राहतात. म्हणून किती विमानं आहेत हे विचारू नका. आज किती उडाली, किती विद्यार्थी आहेत आणि इन्स्ट्रक्टर किती, हे विचारा. आणि उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी तीन विद्यार्थ्यांची लॉगबुकं बघा: एक नवा, एक मधला, एक संपत आलेला. तारखा बघा. दोन उड्डाणांमध्ये किती दिवसांची फट आहे ते बघा. जिथे विद्यार्थ्यांशी एकटं बोलू देत नाहीत, तिथून चहा पिऊन परत या.

उशीर फुकट नसतो. दोन वर्षं जास्त लागली तर राहण्या-खाण्याचे महिन्याला १५ हजार धरले तरी ३ लाख ६० हजार होतात. ३० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी असेल तर वर्षाचं व्याजच ३ लाख ३० हजार. व्याजाबद्दल इथे प्रत्येक घराचं मत वेगळं आहे, मी फतवा द्यायला आलेलो नाही, आकडा सांगतोय. बँका साडेसात लाखांच्या वर बहुतेक तारण मागतात, म्हणजे शेत किंवा घर. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज जरूर बघा, व्याज कमी आहे, पण एवढा खर्च त्यातून निघणार नाही. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर अल्पसंख्याकांना व्याजाची सवलत देणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. कोणी एजंट तिचं नाव घेऊन परदेशात पाठवतो म्हणाला तर समजून जा.

परदेशाचंही सांगतो, कारण पोरं हमखास विचारतात. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे तास लवकर होतात हे खरं आहे. पण परत आल्यावर भारतीय परवान्यासाठी इथले पेपर, इथलं मेडिकल आणि उड्डाणाची चाचणी आहेच. ज्याच्या घरी पैसा तयार आहे त्याने विचार करावा. जमीन विकून परदेशात जाणं मला तरी धाडसाचं वाटतं.

हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा तुम्हाला ऐकून माहीत असतील. जुन्या शहरातल्या बेकरी कामगाराची मुलगी. 'सियासत' दैनिकाच्या संपादकांनी मदत केली, २००७ मध्ये तिथल्या अकादमीत प्रवेश झाला, परवाना हातात आला २०१३ मध्ये. त्यानंतरही नोकरी लगेच नव्हती, कारण दोन इंजिनांच्या विमानाचं प्रशिक्षण राहिलं होतं आणि त्याला पुन्हा मोठा पैसा लागत होता. तेलंगणा सरकारने मदत केली तेव्हा ते झालं, आणि पुढे त्या इंडिगोत लागल्या. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो, आहेच ती. मी ती दुसऱ्या कारणासाठी सांगतोय. दोन इंजिनांचं विमान स्कूलकडे स्वतःचं आहे का, आणि ते आज उडतंय का? त्याचे तास तुम्हाला सांगितलेल्या फीमध्ये धरलेत की नंतर वेगळे मागणार? हे लेखी घ्या. आपल्या मागे प्रत्येक वेळी सरकार किंवा संपादक उभा राहील असं नाही.

स्कूल किती सुरक्षित आहे हेही बघायचं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बारामतीत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं चार दिवसांत कोसळली. डीजीसीएने त्या संस्थेचं सगळ्या केंद्रांवरचं प्रशिक्षण थांबवलं. जीव वाचले, पण ज्यांनी फी भरली होती त्यांच्या पोरांचे तासही थांबले. त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियाहून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं आणि इन्स्ट्रक्टरसकट शिकणारी मुलगी गेली. हे मी घाबरवायला सांगत नाही. भाचीच्या दादीलाही मी हे सांगितलं होतं, लपवलं नाही. स्कूलला बेधडक विचारा, गेल्या तीन वर्षांत अपघात किती झाले, डीजीसीएची कारवाई झाली का. चांगली संस्था या प्रश्नावर चिडत नाही.

एक चांगली गोष्ट आता झालीय. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलना श्रेणी देऊ लागली आहे, वर्षातून दोनदा. विमानांचं आणि विद्यार्थ्यांचं प्रमाण, सुरक्षा, किती वेळात प्रशिक्षण पूर्ण होतं, असं सगळं त्यात धरतात. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. एकही नाही! म्हणजे जो फोनवर 'देशात नंबर एक' म्हणतो त्याला श्रेणी विचारा, आणि मग स्वतः डीजीसीएच्या संकेतस्थळावर जाऊन बघा. मान्यताप्राप्त संस्थांची यादीही तिथेच आहे. मान्यतेची मुदत कधी संपते तेही बघा.

महाराष्ट्रात पर्याय कमी नाहीत. धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लब आहे. जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये देशातला पहिला परवाना ज्या क्लबमध्ये शिकून घेतला तोच हा, मुंबईत जागा अपुरी पडली म्हणून प्रशिक्षण धुळ्याला गेलं. शिरपूर, बारामती, जळगाव, गोंदिया इथे संस्था आहेत, अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडिया स्वतःचं मोठं स्कूल उभारतेय. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षेने जागा मिळते, आरक्षणही आहे. आपले ओबीसीत येणारे कितीतरी मुस्लिम घरचे लोक जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखलाच काढत नाहीत. निदान अर्ज तरी करा. मी यातल्या कुठल्याच नावाची शिफारस करत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी चांगलं असलेलं स्कूल आज इन्स्ट्रक्टर गेल्यामुळे अडलेलं असू शकतं.

आता क्रम. यात बहुतेक घरं चुकतात. आधी फी, मग मेडिकल, असं करू नका. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं हा सध्याचा नियम आहे. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देता येतात. मग मेडिकल. आधी क्लास टू, तपासणारे डॉक्टर डीजीसीएच्या यादीत असतात, नंतर क्लास वन. चष्मा चालतो. रंग ओळखण्यातला दोष मात्र घात करतो, आणि तो मुलांमध्ये जास्त असतो, स्वतःला कळतही नाही. काही हजारांत जे कळतं ते पाच लाख भरल्यावर कशाला कळायचं?

त्यानंतर पेपर. नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषय, सगळ्याला ७० टक्के लागतात. हे घरी बसून होतं. भाचीने हिंगोलीच्या कॉलेजात बीएस्सी करता करता चार पेपर काढले. नियमांसाठी आर. के. बाली, हवामानासाठी आय. सी. जोशी, जुनी पुस्तकं पुण्यातून आणून दिली. नेव्हिगेशनमध्ये दोनदा आपटली. त्याचा खर्च फक्त परीक्षा फीचा. पेपर न देता स्कूलला गेली असती तर तेच आपटणं होस्टेलच्या भाड्यावर झालं असतं. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी असते, पूर्वी ती दूरसंचार खातं घ्यायचं, आता डीजीसीएकडे आलीय. आपली मराठी-उर्दू माध्यमाची पोरं तिथे इंग्रजीमुळे अडखळतात. ती रोज रात्री माझ्याशी फोनवर कंट्रोल टॉवर-पायलट खेळायची. मी टॉवर. आमच्या घरात अजून मला टॉवर मामू म्हणतात.

आणि कागदपत्रं. नाव मुसलमान आहे म्हणून अडवतील का, असं मला कुजबुजत विचारतात. पेपर कॉम्प्युटरवर आहेत, तपासणी सगळ्यांची होते, विमानतळाच्या पाससाठी पोलिस पडताळणी सगळ्यांचीच असते. आमच्या बाबतीत खरोखर काय अडलं सांगू? स्पेलिंग. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'शेख' एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. वडिलांचं नाव कुठे आधी, कुठे नंतर. परीक्षेला बसण्याआधी डीजीसीए बोर्डाकडून मार्कशीटची पडताळणी मागते, आणि तिथे आमचे तीन महिने गेले. दहावीत बसलेली पोरं इथे आहेत, त्यांनी आज घरी जाऊन चारही कागद शेजारी ठेवून बघा.

शेवटी करार. आम्ही दुसऱ्यांदा ज्या दोन ठिकाणी गेलो, तिथे भाचीने स्वतः विचारलं: रात्रीच्या उड्डाणासाठी धावपट्टीवर दिवे आहेत का? मुलींचं होस्टेल किती लांब? अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे? एका ठिकाणी समितीचं नाव घेतल्यावर मॅनेजर एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर फलक होता, नावं आणि नंबरसकट. तिथेच ती गेली. फी एकदम भरली नाही. थोडी सुरुवातीला, मग दर चाळीस तास उडाल्यावर पुढचा हप्ता. संस्था आधी नाही म्हणाली होती, पण पेपर आणि क्लास वन मेडिकल हातात असलेली मुलगी त्यांनाही हवी असते, कारण ती अडकून राहत नाही. आज अकरावा महिना आहे, ११८ तास झालेत. मध्ये पावसात सहा आठवडे बसून होती. नोकरी लागेलच असं मी आपाला सांगितलेलं नाही. जेट २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट २०२३ मध्ये, तेव्हा परवाना असलेले कितीतरी घरी बसले. म्हणून बीएस्सी पूर्ण करून घेतली.

तर भाऊ, तुमचं. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलात, नाव घेत नाही. तुम्ही रात्री दाखवलेला करार मी वाचला. पान चारवर लिहिलंय की कोणत्याही कारणाने फी परत मिळणार नाही. किती महिन्यांत २०० तास देणार ते कुठेच लिहिलेलं नाही. मुलाचं मेडिकल झालेलं नाही. सोमवारी पैसे भरू नका. सीट जात नाही, मंगळवारी पुन्हा फोन येईल, तेव्हा माझ्याकडे द्या. या आठवड्यात क्लास टूसाठी डॉक्टरची वेळ घेऊ. ते नीट आलं तर पुढच्या रविवारी मी येतो, आपण दोघं आणि तुमचा मुलगा त्या स्कूलच्या गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन बसू. दुपारी दोनला.